फक्त पाणी चालतं

गणेश उमाळे चहा घेत नाही, हे त्याच्या हद्दीतल्या म्हशींनासुद्धा माहीत होतं. सातपुड्याच्या पायथ्याची तीन गावं त्याच्याकडे. त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की घरातली बाई चहाच्या पातेल्याकडे न जाता माठाकडे वळायची. सरकारनं मध्यंतरी त्याच्या हुद्द्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. पाटी रंगवून झाली, पण गावाच्या तोंडी तो पटवारीच राहिला. "पटवाऱ्याले फक्त पानी चालते," हे सासू नव्या सुनेला देव कुठं आणि मीठ कुठं हे दाखवता दाखवताच सांगून टाकायची.

नियम तसा सरकारचाच. फक्त सरकारपेक्षा गणेशनं तो जास्त मनावर घेतला होता. कर्मचाऱ्यानं भेटवस्तू घेऊ नये असं वर्तणूक नियमांत आहे. कुणी सहज पुढे केलेला चहा काही भेटीत मोडत नाही. गणेशनं तो मोडवला. चहा, बिस्किटं, हुरडा, बांधावरची बोरं असं सगळं त्यानं एका बाजूला टाकलं आणि दुसऱ्या बाजूला एकटं पाणी ठेवलं. पुढे एका मे महिन्यात ताकही हळूच पाण्याच्या बाजूला आलं. "ताक म्हणजे काय, पांढरं पाणीच," असं तो म्हणायचा. एवढी सूट तर कडक उपासालाही असते.

या सगळ्यामागं एक डबा होता. तुपाचा. गणेशचे वडील दुसऱ्या एका तालुक्यात कारकून होते. माणूस भला, हात मात्र सैल. फेरफाराच्या कामासाठी कुणीतरी गावरान तुपाचा डबा आणून दिला, तो त्यांनी टेबलाखाली ठेवून घेतला, आणि डब्यामागोमाग लाचलुचपतवाले आले. निलंबन झालं, पेपरात चार ओळी आल्या. शाळेत पोरांनी गणेशचं नाव 'तूप्या' ठेवलं. "ए तूप्या, पोयीले तूप आन बे!" शाळा सुटेपर्यंत ते नाव सुटलं नाही. तेव्हापासून गणेशनं तूप खाल्लेलं नाही. पुरणाची पोळी असली तरी तो ताटावर हात आडवा धरतो. बापाच्या नावे पडलेला तो एक डबा फेडायला पोरगा घरोघरचा चहा नाकारत निघाला होता, आणि खरं सांगायचं तर बरंचसं फिटतही आलं होतं. आमच्या तहसिलीत लोक आपल्या मुलांना त्याचं उदाहरण देत. स्वतः गिरवत नसत, पण देत.

दुपारी मात्र आम्ही सगळे डबे एकत्र उघडायचो. सहकाऱ्याच्या डब्याला नियम लागत नाही, हेही गणेशनं ठरवून टाकलेलं. त्यात सुवर्णा वाकोडेच्या डब्यावर त्याचा विशेष डोळा. सुवर्णा आमच्याकडे महसूल सहायक म्हणून नवीन लागलेली, बोलायला कमी, कामाला चोख. तिच्या डब्यात जवसाची चटणी असायची.

"मॅडम, ही चटणी करते कोण?" बोट चाटत गणेश विचारायचा.

"आई करते, सर."

"आईला सांगा, अशी चटणी मी आयुष्यात खाल्ली नाही."

सुवर्णानं आईला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यापासून चटणीची डबी मोठी झाली. "तुह्या पटवाऱ्याले आवडते त जास्तीची घेऊन जात जा वं," असं आईनं बजावलं होतं. ही आई, चांगुणाबाई हेलोडे, कुठं राहते हे गणेशनं कधी विचारलं नाही, आणि ती त्याच्याच हद्दीतल्या गावात राहते हे सुवर्णानं कधी सांगितलं नाही. तिचंही एक तत्त्व होतं. ओळख सांगितली की वशिला होतो. आईलाही तिनं तसंच समजावून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आधी पावसानं सोयाबीन आडवं पाडलं आणि पंचनाम्याचे आदेश आले. कोतवाल पुंजाजीला मोटारसायकलवर मागं बसवून गणेश त्या गावात गेला. पहिलं घर भगवानरावांचं. मोठी जमीन, मोठा ओटा, मोठा आवाज.

"या पटवारी साहेब! चहा म्हनत नाई बरं मी. म्हटलं का तुमी असे पाह्यता, जसा मी तुमच्या खिशात हात घातला."

ओट्यावर गादी टाकलेली होती. गणेश गादीवर बसला. भगवानरावांच्या पत्नी गोजरबाईंनी तांब्या आणला, पाठोपाठ ताकाचा गडवा.

"ताक चालते ना? आत्ताच घुसयलं."

"ताक चालतं काकू. ताक म्हणजे पाणीच."

"बरं हाये तुमचं," भगवानराव म्हणाले, "पह्यलेचे पटवारी लोनी घेऊन जात आन् आमाले ताक ठेवत. तुमचं उलटंच. असा मानूस सरकारनं पयदा कराले पाह्यजे, तं करते कोठी!"

गणेश हसला, अजून अर्धा पेला घेतला, मिशी पुसली आणि शेताकडे निघाला. भगवानरावांच्या नुकसानीत त्यानं एक काडीही वाढवून लिहिली नाही, हे इथं नोंदवलं पाहिजे. ताकाचा परिणाम कागदावर होऊ देणारा तो माणूस नव्हता.

मग नाला ओलांडून गावाचं दुसरं टोक. चांगुणाबाईचं शेत नाल्याच्याच काठाला. शेंगांतून कोंब फुटलेले. तिनं एक शेंग सोलून तळहातावर धरली. गणेशनं फोटो काढले, नुकसान होतं तेवढं लिहिलं. आधार कार्ड घरातल्या पेटीत होतं, म्हणून सगळे घरी आले.

ओसरीत खुर्ची मांडलेली होती. ओल्या फडक्यानं पुसल्याचे पट्टे अजून तिच्यावर वाळत होते. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, शेजारी सुवर्णाच्या लग्नातला फोटो. पण तो पाहायला ओसरीत यावं लागलं असतं. गणेश अंगणात उभा राहिला.

"बसा ना साहेब."

"नको बाई, अजून घरं राहिलीत."

चांगुणाबाई आत गेली आणि कार्डाबरोबर पाणी घेऊन आली. स्टीलचा गिलास, राखेनं घासून पांढरा केलेला, ताटलीवर ठेवलेला. बाहेरून थंडीचे थेंब धरलेले.

"घ्या साहेब."

गणेशचा हात खिशात गेला आणि फोन घेऊन बाहेर आला. "नको नको," फोनकडे पाहत तो म्हणाला, "ड्युटीवर असताना आपण काही घेत नाही."

"चहा नाई केला, साहेब. पानीच हाये. तुमचा नेम मालूम हाये मले."

"नियम म्हणजे नियम, बाई. एकदा मोडला की मोडलाच."

ताटली तिच्या हातात तशीच राहिली. अशा वेळी हात मागं कसा घ्यायचा, हे कुणाला शिकवलेलं नसतं. पुंजाजी पुढं झाला.

"मले द्या काकू, घशाले कोरड पडली," म्हणून त्यानं गिलास उचलला आणि एका दमात रिकामा केला. "लय थंडा हाये माठ तुमचा. अजून एक आना बरं." दुसराही प्याला. नंतर कळलं की भगवानरावांकडे तोही पोटभर ताक प्याला होता.

गावाबाहेरच्या पुलावर गणेशनं गाडी थांबवली, पिशवीतली बाटली काढली आणि घटाघटा प्याला. पुंजाजी सातपुड्याकडे पाहत राहिला. तो काही बोलला असता. पण कोतवालकीत टिकायचं तर डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवावं लागतं.

गणेशनं हे मुद्दाम केलं का? नाही. मुद्दाम केलं असतं तर लक्षात तरी राहिलं असतं. पुलाच्या पुढं गेल्यावर तो दुसऱ्या गावाच्या गट नंबरांविषयी बोलू लागला.

संध्याकाळी चांगुणाबाईनं लेकीला फोन केला. "तुह्या हापिसातला पटवारी आलता. लय इमानदार मानूस हाये वं. पानीबी नाई घेतलं."

सुवर्णानं विचारलं, "भगवानरावच्या घरी?"

"तथी ताक घेतलं म्हने. गोजरबाई सांगत व्हती, दोनदा." मग आईच म्हणाली, "पोट भरलं असन वं त्याचं. तू काई बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी डब्यात चटणी नव्हती. "संपली का मॅडम?" गणेशनं विचारलं. "हो सर," सुवर्णा म्हणाली. त्यानं दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं घेतलं.

दिवाळीनंतर दक्षता सप्ताह आला. वर्षातला हा एक आठवडा सगळी कार्यालयं उजव्या हाताचा पंजा पुढं करून सचोटीची शपथ घेतात. उरलेल्या आठवड्यांना तोच हात मोकळा लागतो. आमच्या सभागृहात बॅनर लागला. उपविभागीय अधिकारी, म्हणजे एसडीओ साहेब, पाहुणे. गरम कचोऱ्यांची खोकी कोपऱ्यात येऊन पडली. ती कुणी पाठवली हे कुणी विचारलं नाही; अशा दिवशी असले प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. 'शासकीय सेवेतील नीतिमत्ता' या विषयावर गणेश उमाळे बोलणार आणि त्यालाच प्रशस्तिपत्र मिळणार. सूत्रसंचालन सुवर्णाकडे.

गणेश छान बोलला. खरं तर त्याला बोलायचं नव्हतं, तहसीलदारांनी घोड्यावर बसवलं. पण एकदा बसल्यावर त्यानं घोडा पळवला. त्यानं तुपाचा डबासुद्धा सांगितला. भर सभेत, वडिलांच्या नावासकट. कुणी नाक ओढलं. "तेव्हा ठरवलं," तो म्हणाला, "लोकांच्या दारात उभं राहायचं तर हात रिकामे पाहिजेत."

टाळ्या झाल्या. मग प्रश्न. मयुरी नावाची एक नवी पोरगी, नोकरीत अजून कोरी, उठून म्हणाली, "सर, मग पाणी? पाणी पण नाही घ्यायचं का?"

सगळे हसले. गणेशही हसला. हा चेंडू त्याच्या आवडीच्या जागी पडला होता.

"पाण्याला नाही म्हणू नका, मॅडम. पाण्याला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. आजपर्यंत एका घरचं पाणी मी परत पाठवलेलं नाही. वाडा असो, झोपडी असो, पाटील असो नाही तर कोणीही असो."

पुन्हा टाळ्या. एसडीओ साहेबांनी मान डोलावली. तहसीलदार साहेबांचं अंतःकरण भरून आलं आणि भरल्या अंतःकरणानं माणूस जे करू नये ते करतो, तसं ते माइककडे वाकून म्हणाले, "वाकोडे मॅडम, उमाळे तुमच्या माहेरचेच पटवारी ना? मग नुसतं सूत्रसंचालन काय करता! घरचा अनुभव सांगा."

गणेशनं वळून पाहिलं. माहेर? त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कौतुक ऐकायला बसलेल्या माणसाचं.

सुवर्णानं हातातले कागद खाली ठेवले.

"हो सर. दसऱ्याच्या आधी उमाळे सर आमच्या घरी आले होते. नाल्याच्या काठाचं शेत, चांगुणाबाई हेलोडे. माझी आई. सरांचा नेम आईला माहीत आहे. म्हणून तिनं चहा ठेवला नव्हता. फक्त पाणी आणलं होतं."

एवढंच. माइक जागेवर ठेवून ती बाजूला झाली.

सभागृहाला वाटलं, झालं. पुढचं सांगायची गरज नाही, सर पाणी प्याले. टाळ्यांचा कडकडाट झाला. एसडीओ साहेबही वाजवत होते. मागच्या रांगेत तीन-चार जण मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यात पुंजाजी होता. ज्यांना असली वाक्यं पुढं ऐकावी लागत नाहीत, अर्ध्यावरच कळतात, असे ते लोक.

गणेशच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला वेळ लागला; ते उतरवायचं आहे हेच त्याच्या लक्षात येत नव्हतं. आधी त्याला शेंग आठवली, कोंब फुटलेली. मग ताटली. मग फोन, ज्यात तेव्हा पाहण्यासारखं काहीही नव्हतं. मग पुलावरची बाटली. टाळ्या चालूच होत्या. 'तूप्या, तूप्या' म्हणून पोरं ओरडायची, तेव्हा डबा निदान बापाचा होता. हा गिलास त्याचा स्वतःचा होता, आणि लोक त्यावर टाळ्या वाजवत होते.

प्रशस्तिपत्र घेताना फोटोग्राफर दोनदा म्हणाला, "सर, इकडे बघा." गणेशनं दोन्ही वेळा खाली पाहिलं. शिवाय एसडीओ साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं की पुढच्या शुक्रवारी बुलढाण्याला जिल्ह्याच्या कार्यक्रमात हेच भाषण त्यानं करायचं आहे.

कचोरीच्या वेळी त्यानं सुवर्णाला खिडकीपाशी गाठलं.

"मॅडम, त्या दिवशी... मी नुकताच ताक पिऊन आलो होतो."

"हो सर. आईपण तेच म्हणाली. पोट भरलं असेल म्हणाली."

हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. आपण रात्रभर शोधून काढलं असतं ते कारण समोरच्यानं आधीच, फुकटात, आपल्या हातावर ठेवलं की माणूस उघडा पडतो.

"मी तसा नाही, मॅडम. तुम्हाला माहीत आहे. तुमच्या डब्यातलं मी रोज..."

"हो सर. चटणी." सुवर्णा खिडकीतून बाहेर पाहत होती. "आई तुमच्यासाठी वेगळी बांधून द्यायची. तुम्ही दारात आलात तेव्हा तिला सांगावंसं वाटलं होतं, की चटणीवाली मीच. पण मीच तिला सांगू नको म्हणून ठेवलं होतं. सरांना वशिला वाटेल म्हटलं."

"मग तुम्ही मला तेव्हाच का नाही..."

"काय म्हणायचं होतं, सर?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. खरोखरच विचारलं.

त्याच्या हातातली कचोरी थंड झाली. ती त्यानं कुठं ठेवली ते कुणी पाहिलं नाही.

रविवारी तो निघाला. बायकोला म्हणाला, शेगावला दर्शनाला जातो. एरवी खोटं न बोलणारा माणूस, त्यामुळं तिनं विश्वास ठेवला. त्याच्या जमेच्या बाजूला एवढं लिहू, की वाटेत तो स्वतःशी भांडत होता आणि बऱ्यापैकी हरत होता. पोट भरलं होतं. बरं, मग पुलावर बाटली काढलीस ती? ऊन होतं. ऊन तर भगवानरावांच्या ओट्यावरही होतं. त्याला त्याची आजी आठवली. आजी फार प्रेमळ होती. शेतावर आलेल्या बायांना ती ओंजळीत वरून पाणी घालायची, लांबून, एक थेंब इकडे उडू न देता, आणि गोष्टी तर किती गोड बोलायची. गणेशनं तिला कधी दोष दिला नव्हता, तिच्यासारखं वागायचंही ठरवलं नव्हतं. हात मात्र तिच्याकडूनच आला होता. नियम फक्त त्या हातावर चढवलेला सदरा.

पण मन मोठं चिवट. पूल येता येता त्याला एक वाक्य सुचलं. 'मित्रहो, चूक माझ्याकडूनही झाली. मी परत त्या दारात गेलो आणि पाणी मागितलं.' बुलढाण्याच्या भाषणात हे वाक्य शेवटी घालावं, असं त्याला वाटलं. वाटलं आणि गाडी जरा हलकी पळू लागली.

चांगुणाबाई अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसली होती, बोंडातला कचरा वेचत.

"या साहेब. पंचनाम्यात काई राह्यलं का?"

"नाही. पंचनामा झाला." तो उभाच होता. मोटारसायकलची किल्ली या हातातून त्या हातात गेली. "पाणी पाहिजे होतं, काकू."

तिनं मान वर करून पाहिलं. "काऊन? बाटली नाई आनली का आज?"

म्हणजे पुलावरचंही गावाला माहीत होतं. पुंजाजी एवढ्या वर्षांत एकदाच बोलला असेल, तर ते हे.

"चुकलं माझं," गणेश म्हणाला.

"माठ आतमधी हाये. गिलास त्याच्याच उप्पर. माह्या हाताले कापूस लागला. घ्या आपल्या हातानं."

ओसरी ओलांडून तो आत गेला. कोपऱ्यात तिवईवर माठ, माठावर गिलास, तोच. त्यानं झाकण काढलं. ओसरीपासून माठापर्यंतची ही पाच पावलं त्यानं दुसऱ्या कुठल्याही घरात सहज टाकली असती. पण या घरात बोलावलं असतानाही टाकली नव्हती, आणि आता टाकली ती स्वतः पाणी मागून. पाणी थंड होतं. चव पाण्याचीच होती. त्याला वेगळं काही वाटेल अशी त्याची अपेक्षा होती. पोटात पाणी गेलं, बाकी सगळं होतं तिथंच राहिलं. भिंतीवरच्या फोटोत सुवर्णा नवऱ्याशेजारी उभी होती आणि तिच्यामागं चांगुणाबाई, नवं लुगडं नेसून हसत.

बाहेर येऊन तो मोरीपाशी बसला आणि गिलास विसळू लागला.

"ठेवा तो," चांगुणाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या घरी पाव्हना गिलास इसळत नाई. दुसऱ्याच्या दारात आमी लय इसळले."

त्यानं गिलास खाली ठेवला. ओले हात कुठं पुसावेत ते त्याला कळेना.

"शुक्रवारी बुलढान्याले जाऊन राह्यले म्हने तुमी," ती बोंडं वेचत म्हणाली. "भाषनाले."

"हो."

"मंग हे बी सांगसान का तथी?"

गणेशनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, शेवटी घालायचं. ते तसंच जिभेवर राहिलं. चांगुणाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिला ते वाक्य कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. ती कापूस पाहत होती.

"पानी पिऊन घेतलं ना?" ती म्हणाली. "या मंग."

पुलावर त्यानं गाडी थांबवली आणि तहसीलदारांना फोन लावला.

"साहेब, शुक्रवारचं माझं नाव काढा."

"अरे! काऊन? तब्येत?"

तब्येत म्हणाला असता तर सुटला असता. तो म्हणाला, "साहेब, मी सभेत खोटं बोललो. वाकोडे मॅडमच्या आईचं पाणी मी घेतलं नव्हतं. भगवानरावांकडे ताक प्यालो आणि त्यांच्याकडे नियम सांगितला."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, उजळलेला.

"अहो, मग हेच सांगा ना तिथं! याच्यापेक्षा चांगलं उदाहरण कोणतं? लोक रडतील, उमाळे!"

"नाही, साहेब."

"मग वर कारण काय कळवू मी?"

"लायक नाही म्हणून कळवा."

"बघा," साहेब म्हणाले, "हाच तुमचा मोठेपणा आहे. दुसरा असता तर..."

गणेशनं फोन कानापासून दूर धरला. कौतुक बारीक आवाजात येतच राहिलं. आपण काहीही केलं तरी लोक ते आपल्या जमेलाच टाकणार, हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि नावे टाकणारं एकच माणूस मागं अंगणात कापूस वेचत बसलं होतं. तिनंही काही लिहून ठेवलं नव्हतं.

पिशवीत बाटली भरलेली होती. आत्ताच पाणी पिऊन आला असूनही त्याचा घसा कोरडा पडला होता. त्यानं बाटलीला हात लावला नाही. पण तेही कुणाला तरी सांगण्यासारखं आहे, असं मनात येताच त्यानं ती काढली आणि खाली मान घालून प्याला.